कुरकुमिनचं नॅनोइमल्शन: पहिल्यांदा प्रयोगशाळेत उतरणाऱ्यांसाठी

भूल देताना शिरेतून टोचलं जाणारं, दुधासारखं पांढरं प्रोपोफॉल बऱ्याच जणांनी पाहिलेलं असतं. हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. सुरुवातीला ते क्रेमोफोर या सर्फॅक्टंटच्या (तेल आणि पाणी यांची मोट बांधणाऱ्या, साबणासारख्या द्रव्याच्या) मदतीने पाण्यात आणलं गेलं, पण काही रुग्णांना त्याची तीव्र ॲलर्जी आली आणि ते रूप मागे घ्यावं लागलं. मग सोयाबीन तेल, अंड्यातलं लेसिथिन आणि ग्लिसरॉल वापरून इमल्शन तयार झालं आणि १९८६ मध्ये ते बाजारात आलं. औषध तेच होतं, पण तेलाच्या बारीक थेंबांत बसवल्यामुळे ते शिरेतून देता येऊ लागलं.

असे थेंब काहीशे नॅनोमीटरपेक्षा लहान असले की त्याला नॅनोइमल्शन म्हणतात. एम.फार्म.च्या प्रबंधासाठी नॅनोइमल्शनचा विषय घेणारे बहुतेक विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात थेंबाचा आकार मोजायला धावतात. थेंब बारीक करणं हे यंत्राचं काम आहे आणि यंत्र ते करतं. औषध त्या थेंबांत पुरेशा मात्रेत मावणं आणि महिनोन्‌महिने तिथेच राहणं, खरी अडचण इथे आहे. ती यंत्राला हात लावण्याआधी वजनकाट्यावर आणि कागदावर सोडवायची असते. म्हणून या लेखात सुरुवातीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

औषधाची ओळख

१९९५ मध्ये गॉर्डन अमिडॉन आणि सहकाऱ्यांनी औषध किती विरघळतं आणि आतड्याची भिंत किती ओलांडतं यांवरून औषधांचे चार वर्ग मांडले. औषधाची सर्वांत मोठी मात्रा ३७ अंश तापमानाला, पोटातल्या आम्लापासून आतड्यातल्या पीएच ६.८ पर्यंत प्रत्येक पीएचला, २५० मिली द्रवात विरघळली तर ते ‘जास्त विद्राव्य’. दुसऱ्या वर्गातली औषधं विरघळत नाहीत, पण विरघळली की आतड्याच्या भिंतीतून सहज आत जातात. नॅनोइमल्शनचा खरा उपयोग या वर्गाला. चौथ्या वर्गात भिंत ओलांडण्याचाही प्रश्न असतो, म्हणून पहिल्या प्रयत्नाला तो घेऊ नका.

औषध पाण्यात का विरघळत नाही, हेही बघा. काही औषधं मुळातच तेलकट स्वभावाची असतात. फेनोफायब्रेट ८० अंशांच्या आसपास वितळतं, त्याचा लॉग पी (पाण्यापेक्षा तेलाकडे किती ओढा आहे ते सांगणारा आकडा) ५ च्या वर आहे आणि तेलात ते सुखाने राहतं. फॉर्म्युलेशनवाले अशांना ‘ग्रीस बॉल’ म्हणतात. ग्रिसिओफल्व्हिन मात्र २२० अंशांच्या आसपास वितळतं. त्याच्या स्फटिकाची बांधणीच इतकी घट्ट असते की ते पाण्यातही सुटत नाही आणि तेलातही. हे ‘ब्रिक डस्ट’. अशा औषधासाठी नॅनोइमल्शनचा हट्ट धरू नका, त्याला नॅनोसस्पेन्शनसारखे (औषधाचेच अतिबारीक कण पाण्यात तरंगत ठेवण्यासारखे) दुसरे मार्ग आहेत.

सरावासाठी मी कुरकुमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं द्रव्य, सुचवेन. ते या दोघांच्या मधलं आहे, सुमारे १८३ अंशांना वितळतं आणि तेलातही बेताचंच विरघळतं, त्यामुळे शिकायला पुष्कळ मिळतं. रंग गडद पिवळा असल्यामुळे औषध थेंबातून बाहेर पडून तळाशी बसलं तर डोळ्यांना दिसतं. ४२५ नॅनोमीटरच्या आसपास ते प्रकाश शोषतं, म्हणजे कॉलेजचा साधा यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे आणि आपल्याकडे हळदीवर काम करायला उत्साह असतो, पण या कामाला बाजारातली हळदपूड चालत नाही. तिच्यात कुरकुमिन शेकडा काही टक्केच असतं. ‘९५ टक्के’ म्हणून मिळणारा अर्कही तीन कुरकुमिनॉइडांचं मिश्रण असतो, तेव्हा एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने) मोजताना तुलनेसाठी शुद्ध स्टँडर्ड वेगळं मागवा.

एक इशारा आत्ताच देतो. कुरकुमिन आम्लात बरं टिकतं, पण पीएच ७.२ च्या फॉस्फेट बफरमध्ये ३७ अंशांना अर्ध्या तासात त्याचं सुमारे ९० टक्के विघटन होतं. उजेडानेही ते खराब होतं. बाटल्यांना पहिल्या दिवसापासून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा आणि पाण्याचा भाग पीएच ४ ते ५ च्या दरम्यान ठेवा.

मात्रेचं गणित

समजा, तुमच्या तेलाच्या १ मिलीमध्ये २० मिलिग्रॅम औषध विरघळतं. इमल्शनमध्ये तेल १० टक्के आहे. म्हणजे १ मिली इमल्शनमध्ये जास्तीत जास्त २ मिलिग्रॅम औषध मावेल. तेल काठोकाठ भरू नये. तापमान थोडं उतरलं की औषध स्फटिक होऊन बाहेर पडतं, म्हणून ८० टक्क्यांवर थांबा. उरलं १.६ मिलिग्रॅम. आता डोस १०० मिलिग्रॅमचा असेल तर रुग्णाला एका वेळी ६२ मिलीपेक्षा जास्त इमल्शन प्यावं लागेल.

गणित इथे संपत नाही. त्या इमल्शनमध्ये ट्वीन ८० हे सर्फॅक्टंट १० टक्के असेल, तर ६२ मिलीत ते ६ ग्रॅमच्या वर जातं. ट्वीन ८० हे पॉलिसॉर्बेट आहे आणि पॉलिसॉर्बेटचं रोजचं स्वीकारार्ह सेवन शरीराच्या दर किलोमागे २५ मिलिग्रॅम धरलं जातं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दीड ग्रॅम. तुम्ही चौपट देताय. हेच औषध ५ मिलिग्रॅमच्या डोसचं असतं तर ३ मिलीच्या आसपास इमल्शन आणि ०.३ ग्रॅम ट्वीन पुरलं असतं.

सर्फॅक्टंटच्या थरातही थोडं औषध मावतं, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही. पण दहा मिनिटांच्या या कामाने पुढचे सहा महिने वाचू शकतात. आकडे जमत नसतील तर तेल बदला, औषध बदला, किंवा तोंडावाटे देण्याऐवजी त्वचेवर लावायच्या जेलचा विचार करा, तिथे मात्रा कमी लागते. गाईडशी विषय ठरवतानाच हा कागद पुढे ठेवा.

तेलाची निवड

आता वरच्या गणितातला ‘२०’ हा आकडा खरा काढायचा. पाच-सहा तेलं घ्या: मध्यम साखळीचं ट्रायग्लिसराइड म्हणजे एमसीटी, कॅपम्युल एमसीएम, कॅप्रिऑल ९०, ओलिक आम्ल, एरंडेल, सोयाबीन. झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटलीत २ ग्रॅम तेल घ्या आणि त्यात औषध जरुरीपेक्षा जास्त घाला. व्होर्टेक्सवर फिरवून बाटल्या शेकर बाथमध्ये ३७ अंशांना ४८ ते ७२ तास ठेवा.

दुसऱ्या दिवशी एकदा जाऊन प्रत्येक बाटलीचा तळ बघा. न विरघळलेलं औषध तळाशी दिसलंच पाहिजे. तळ स्वच्छ दिसला तर तेल अजून तृप्त झालेलं नाही आणि तुमचा आकडा खोटा येणार, तेव्हा आणखी औषध घाला. मुदत संपली की सेंट्रिफ्यूज करा, वरचा स्वच्छ भाग ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून काढा आणि विरळ करून मोजा.

चुका इथे जास्त होतात. सोयाबीनसारखी लांब साखळीची तेलं मिथेनॉलमध्ये नीट मिसळत नाहीत, द्रावण गढूळ होतं आणि तो गढूळपणा यंत्र औषध म्हणून मोजतं. अशा तेलांसाठी आयसोप्रोपेनॉल घ्या. ब्लँक म्हणून (यंत्राचं शून्य ठरवायला) नुसतं सॉल्व्हंट लावू नका. तेच तेल तितक्याच प्रमाणात विरळ करून लावा. दाट तेल पिपेटने मोजू नका, पिपेटच्या भिंतीला चिकटलेलं तेल हिशेबात येत नाही. सरळ वजन करा. प्रत्येक तेलाच्या तीन बाटल्या लावा.

कुरकुमिनसाठी साध्या ट्रायग्लिसराइड तेलांचे आकडे निराश करतील, ग्रॅममागे काही मिलिग्रॅमच. मध्यम साखळीची मोनो-डायग्लिसराइडं बहुधा बरी ठरतात, कारण त्यांच्यात मोकळे हायड्रॉक्सिल गट असतात. पण ती स्वतःच थोडी पाण्याकडे झुकतात आणि त्याची किंमत पुढे टिकाऊपणात मोजावी लागते. माझा कल एमसीटी आणि कॅपम्युलच्या मिश्रणाकडे आहे.

सर्फॅक्टंट

ग्रिफिनने १९४९ मध्ये मांडलेली एचएलबी मोजपट्टी (आकडा जितका मोठा, तितकं सर्फॅक्टंट पाण्याकडे झुकलेलं) सुरुवातीला उपयोगी पडते. ट्वीन ८० चं एचएलबी १५ आहे आणि स्पॅन ८० चं ४.३. तुमच्या तेलाला १२ लागत असेल तर ट्वीन ७२ टक्के आणि स्पॅन २८ टक्के घेतल्यावर १२ जमतं. मोजपट्टी दिशा दाखवते, निवड प्रयोगानेच करायची.

त्यासाठी एक स्वस्त चाचणी आहे. मुंबईच्या बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसीतल्या संशोधकांनी २००७ च्या सुमारास स्वतःहून इमल्शन होणाऱ्या मिश्रणांसाठी ती वापरली आणि आज आपल्याकडच्या कितीतरी प्रयोगशाळांत ती रुळली आहे. ३०० मिलिग्रॅम तेल आणि ३०० मिलिग्रॅम सर्फॅक्टंट ५० ते ६० अंशांवर एकजीव करा. त्यातलं ५० मिलिग्रॅम मोजून ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये पाण्याने भरा. फ्लास्क किती वेळा उलटासुलटा केल्यावर एकसारखं होतं ते मोजा. दोन तासांनी ६४० नॅनोमीटरच्या आसपास किती टक्के प्रकाश आरपार जातो ते बघा. कुरकुमिन या तरंगलांबीला प्रकाश शोषत नाही, त्यामुळे औषध घालूनही चाचणी करता येते. ज्या जोडीतून जास्त प्रकाश जातो आणि जी कमी हलवण्यात तयार होते, ती घ्या.

को-सर्फॅक्टंट (सर्फॅक्टंटला हातभार लावणारं द्रव्य) म्हणून ट्रान्सक्यूटॉल, पीईजी ४०० किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल सर्रास घातलं जातं. त्यांच्यात औषध भरपूर विरघळतं, म्हणून मोह होतो. पण पाणी लागलं की ही द्रव्यं थेंब सोडून पाण्यात निघून जातात आणि त्यांच्या भरवशावर विरघळलेलं औषध स्फटिक होऊन बसतं. बाटलीत सुरेख दिसणारं इमल्शन पोटात गेल्यावर असंच फसतं. यांचं प्रमाण जेमतेम ठेवा.

याच द्रव्यांबद्दल आणखी एक गोष्ट. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे १४ रुग्णांचा जीव गेला आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. मारक ठरली ती ग्लिसरीनमधली भेसळ होती. ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, पीईजी हे सगळे फार्माकोपिया दर्जाचेच घ्या, प्रत्येक बॅचचं विश्लेषण प्रमाणपत्र मागा आणि त्यात एथिलीन व डायएथिलीन ग्लायकॉलची चाचणी आहे का ते वाचा. ‘प्रयोगशाळेपुरतं तर आहे’ म्हणून ही सवय पुढे ढकलू नका.

फेज डायग्राम

तेल, सर्फॅक्टंट आणि पाणी कुठल्या प्रमाणात मिसळल्यावर काय बनतं, याचा हा त्रिकोणी नकाशा. तेल आणि सर्फॅक्टंट मिश्रण १:९ पासून ९:१ पर्यंत घ्या. थेंबथेंब पाणी घालत जा, प्रत्येक टप्प्यावर स्वच्छ, निळसर झाक, दुधाळ की जेल, याची नोंद करा आणि त्रिकोणावर बिंदू मांडा. सर्फॅक्टंट आणि को-सर्फॅक्टंटचं प्रमाण १:१, २:१, ३:१ असं बदलून पुन्हा करा. निळसर झाक म्हणजे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान झाले.

इथे एक फरक नीट समजून घ्या, मौखिकीत हमखास विचारतात. मायक्रोइमल्शन आपोआप बनतं आणि उष्मागतिकीदृष्ट्या स्थिर असतं, घटक कुठल्याही क्रमाने घाला, शेवट तोच. नॅनोइमल्शन स्थिर नसतं, ते फक्त फार हळू बिघडतं आणि कसं बनवलं यावर त्याचा आकार ठरतो. नुसत्या ढवळण्याने स्वच्छ झालेल्या आणि क्रम बदलला तरी तोच आकार देणाऱ्या मिश्रणाला नॅनोइमल्शन म्हणू नका. सोनिकेटर किंवा हाय प्रेशर होमोजिनायझर वापरणार असाल तर या त्रिकोणावर फार दिवस घालवायची गरज नाही.

प्रत्यक्ष बनवणं

पहिली बॅच ५० मिलीची करा: तेल १० टक्के, सर्फॅक्टंट ८ ते १० टक्के, बाकी पाणी. औषध तेलात ५० ते ६० अंशांवर विरघळवा. द्रावण उजेडासमोर धरून एकही कण दिसत नाही याची खात्री करा. ट्वीन पाण्यात घालून तेही त्याच तापमानाला आणा. गरम तेल थंड पाण्यात पडलं तर औषध तिथल्या तिथे बाहेर पडतं. आता रोटर-स्टेटर होमोजिनायझर चालू ठेवून तेलाची बारीक धार पाण्यात सोडा आणि १०,००० आरपीएमला पाच मिनिटं फिरवा. पिवळं, दुधाळ, मायक्रॉन आकाराचं कच्चं इमल्शन मिळेल.

मग प्रोब सोनिकेटर. बीकर बर्फात बसवा. प्रोबचं टोक द्रवाच्या पृष्ठभागाखाली एक-दोन सेंटीमीटर असू द्या. टोक वर राहिलं तर फेस होतो आणि काचेला लागलं तर काच तडकते. ५ सेकंद चालू, ५ सेकंद बंद, ४० टक्के ॲम्प्लिट्यूड, इथून सुरुवात करा. कानांना इअरमफ लावा. बर्फ असूनही टोकाजवळचा द्रव तापतो, म्हणून थर्मामीटर आतच ठेवा आणि ४० अंशांच्या वर गेलं की थांबा.

दर दोन मिनिटांनी थोडा नमुना काढून आकार मोजा. आधी आकार झपाट्याने उतरतो, मग एका पातळीवर अडतो. त्यापुढे चालवत राहिलात तर थेंब परत एकमेकांत मिसळू लागतात, औषध तापतं आणि प्रोबच्या टायटॅनियमचे कण द्रवात झडतात. तुमच्या यंत्राची, तुमच्या भांड्याची ती योग्य वेळ हा आलेखच सांगेल, दुसऱ्याच्या शोधनिबंधातली वेळ उचलू नका. शेवटी हलकं सेंट्रिफ्यूज करून धातूचे कण काढा.

हाय प्रेशर होमोजिनायझर मिळत असेल तर त्यालाच पसंती द्या. ५०० ते १,००० बारला तीन ते पाच फेऱ्या पुरतात आणि पुढे मोठ्या बॅचला जाताना तीच पद्धत नेता येते. १,००० बारला एका फेरीत तापमान वीसेक अंशांनी चढतं, म्हणून प्रत्येक फेरीनंतर थंड करा.

जितक्या बॅच औषधाच्या, तितक्या बिनऔषधाच्याही करा. गडबड औषधामुळे आहे की इमल्शनमुळे, हे त्याशिवाय कळत नाही.

मोजमाप

डीएलएस यंत्र विखुरलेल्या प्रकाशावरून थेंबांचा आकार मोजतं. त्यासाठी नमुना गाळलेल्या पाण्याने शंभर पट विरळ करा. एक धुळीचा कण आकडा बिघडवतो. आकार २०० नॅनोमीटरच्या आत आणि पीडीआय (थेंबांच्या आकारात किती तफावत आहे ते सांगणारा आकडा) ०.२ च्या खाली असला की काम समाधानकारक. १० नॅनोमीटरपाशी छोटं शिखर दिसलं तर ते थेंब समजून खूश होऊ नका, ट्वीनचे मायसेल, म्हणजे तेलाशिवाय जमलेले त्याच्या रेणूंचे पुंजके, तेवढेच असतात. अशा वेळी सर्फॅक्टंट जास्त झालं आहे.

झीटा पोटेन्शिअल (थेंबाच्या पृष्ठभागावरच्या विद्युत् भाराचं माप) ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे हवंच, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. तो नियम विद्युत् प्रतिकर्षणाने टिकणाऱ्या इमल्शनचा आहे. ट्वीनसारखे अभारित सर्फॅक्टंट आपल्या लांब साखळ्यांनी थेंबांना दूर ठेवतात, तिथे उणे १० असूनही इमल्शन छान टिकू शकतं.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची चाचणी सर्वांत साधी आहे. इमल्शन ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात शंभर पट विरळ करून २४ तास ठेवा आणि एक थेंब पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली बघा. काळ्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या सुया दिसल्या तर औषध बाहेर पडलं आहे. मग डीएलएसचा आकडा कितीही देखणा असू द्या, तेलाच्या निवडीपाशी परत जा.

औषध थेंबांतून किती वेगाने बाहेर येतं ते मोजायला डायलिसिस पिशवी वापराल. माध्यमात सिंक स्थिती हवी, म्हणजे सगळं औषध बाहेर आलं तरी त्याच्या किमान तिप्पट विरघळण्याची क्षमता माध्यमात असावी. कुरकुमिनसाठी त्यात थोडं ट्वीन किंवा सोडियम लॉरिल सल्फेट घाला आणि पीएच आम्लाकडे ठेवा, नाहीतर विघटन झालेलं औषध ‘मुक्तच झालं नाही’ असं दिसेल. पिशवीची भिंतही अडथळा असते, म्हणून विरघळलेल्या औषधाचं कंट्रोल सोबत चालवा.

टिकाऊपणा

आधी सेंट्रिफ्यूज, मग ४ आणि ४५ अंशांच्या सहा फेऱ्या. ४५ अंश हा आकडा पुस्तकी नाही, चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात बंद गोदाम तिथपर्यंत सहज जातं. तगलेल्या बॅच ४ अंशांवर, खोलीत आणि ४० अंश व ७५ टक्के आर्द्रतेत ठेवा आणि आकाराबरोबर औषधाचं प्रमाणही मोजत राहा.

नॅनोइमल्शन बहुतेक वेळा ऑस्टवाल्ड रायपनिंगने बिघडतं. लहान थेंबातलं तेल पाण्यात किंचित विरघळून मोठ्या थेंबात जाऊन बसतं, लहान संपतात, मोठे वाढतात. त्रिज्येचा घन विरुद्ध काळ असा आलेख काढा. सरळ रेष आली तर हेच कारण मानायला जागा आहे. यावर आणखी सर्फॅक्टंट ओतणं हा उपाय नाही, जादा मायसेल तेल वाहून नेऊन वेग वाढवू शकतात. तेलाच्या भागात दहा-वीस टक्के लांब साखळीचं, पाण्यात अजिबात न विरघळणारं तेल मिसळा. लवंग किंवा निलगिरी तेलावर काम करणाऱ्यांना तर याशिवाय गत्यंतर नाही.

तेल खवट होऊ नये म्हणून व्हिटॅमिन ई घाला. परिरक्षक निवडताना लक्षात ठेवा की पॅराबेनचा बराच भाग ट्वीनच्या मायसेलमध्ये अडकतो आणि जंतूंसाठी उरत नाही. पीएच आम्लाकडे असेल तर सोडियम बेंझोएट बरं.

पाणी नको असेल तर

एवढं करूनही बॅच तीन महिने टिकत नसेल, किंवा ६२ मिलीचा तो हिशेब सुटत नसेल, तर पाणी काढून टाका. औषध, तेल, सर्फॅक्टंट आणि थोडा को-सॉल्व्हंट यांचं मिश्रण सॉफ्ट जिलेटिन कॅप्सूलमध्ये भरता येतं आणि पोटातल्या पाण्यात त्याचं इमल्शन आपोआप होतं. सायक्लोस्पोरिनचं निओरल १९९५ च्या सुमारास याच वाटेने आलं आणि आधीच्या सँडिम्यूनपेक्षा त्याचं शोषण जास्त भरवशाचं ठरलं. तेल आणि सर्फॅक्टंटचे तुमचे सगळे आकडे इथे जसेच्या तसे उपयोगी पडतात. आम्लात विरळ करून सुया शोधण्याची चाचणी मात्र या वाटेवर जास्त कडकपणे लावा आणि कॅप्सूलचं कवच मऊ किंवा ठिसूळ होतंय का, हे दर महिन्याला दाबून बघा.